एकाआड एक पातं

शेजारच्या आजोबांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या करवतीच्या, फ्लायव्हीलवर पंख्याची पाती असतात. त्यातली एकाआड एक कापून टाकली तर इंजिनाचा जोर वाढतो, असं लोक म्हणतात. खरं आहे का?

उत्तर द्यायला मला चार महिने लागले. आणि जे दिलं ते चुकीचं निघालं.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो, आइंडहोवनच्या शेजारी. आमच्या गल्लीतले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या मशीनच्या पोटात काम करतात, मीही त्यातलाच. माझं काम हवेचं. मोठ्या मशीनमध्ये थंड हवा कुठून शिरते, कुठे अडते, कुठला भाग किती तापतो, हे बघायचं. पुण्यात कोणी विचारलं की बायको सांगते, "ह्याला फुंकर मारायचा पगार मिळतो." ती चेष्टेत म्हणते, पण व्याख्या तशी बरोबर आहे.

आजोबा पलीकडच्या घरात एकटे राहतात. त्यांची बायको आम्ही इथे यायच्या आधीच गेली. त्यांनी उभा जन्म लाकडी बूट करण्यात घालवला. या भागातली पॉप्लरची झाडं एके काळी त्या बुटांसाठीच लावलेली. आता असे बूट फारसं कोणी घालत नाही, पण गल्लीतल्या पोरांना ते हौसेने करून देतात. ते मला 'ब्यूरमन' म्हणतात, म्हणजे शेजारी, आणि मीही त्यांना तेच म्हणतो. सहा वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारलेली नाही. माझी मुलगी मात्र त्यांना बूटआजोबा म्हणायची, आणि त्यांना ते नाव तोंडपाठ होतं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मेव्हण्याचं लग्न होतं. बायको आणि मुलगी तीन आठवड्यांसाठी पुण्याला निघाल्या. मला रजा मिळाली नाही, किंवा मी नेटाने मागितली नाही. निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी मुलीला त्यांच्या कामाच्या खोलीत बोलावलं, जमिनीवर खाकी कागद अंथरून तिला त्यावर उभं केलं आणि सुताराच्या चपट्या पेन्सिलीने दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. ती गुदगुल्या होऊन हसत होती, त्यामुळे डाव्या पावलाची रेघ जरा हलली. परसातला मोठा पॉप्लर पुढच्या हिवाळ्यात पाडायचा होता. त्याच्या लाकडाचे बूट तिला मिळणार, असं ठरलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

लग्न झालं आणि विमानं बंद पडली. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले, मग सहा.

त्या दिवसांबद्दल लोक सांगतात तेव्हा त्यात फार काय काय असतं. भीती, रडणं, बाल्कनीत उभं राहून टाळ्या. माझ्याकडे तसलं काही नाही. सकाळी उठायचं, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, हवेचे रंगीत नकाशे बघायचे, संध्याकाळी तो मिटायचा, आणि त्याच टेबलावर खिचडी खायची. रविवारी मोठं पातेलं भरून केली की बुधवारपर्यंत पुरायची. मुलीचा दात घासायचा ब्रश बेसिनपाशी मगमध्ये होता. दर शनिवारी मी मग धुवायचो, ब्रश बाजूला ठेवायचो, परत आत ठेवायचो. त्याकडे बघून मला काही व्हायला हवं होतं. काही होत नव्हतं.

मला त्यांची आठवण येत नव्हती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. आठवण येते का, असं बायकोने एकदा फोनवर विचारलं. मी मनात शोधलं, तिथे काहीच सापडलं नाही. "येते ना," मी म्हणालो. ती कुकर बघायला उठून गेली.

फोन रोज व्हायचा. दुपारी साडेबाराला, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटं. मी तो ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवला होता. काय जेवलास, काय जेवलात, तिकडे किती पेशंट, इकडे किती. मुलगी मध्येच येऊन स्क्रीनला नाक लावायची आणि जायची. एखाद्या दिवशी तिकडचं नेट गेलं आणि फोन झाला नाही, की माझं दुपारचं काम सरळ रेषेत व्हायचं. फोन झाला की तास-दीड तास मी नुसताच बसून राहायचो, कशात लक्ष लागायचं नाही. हा फरक मला दिसला. फरक दिसला की मोजायचा आणि मोजला की सुधारणा करायची, इतकंच मला शिकवलेलं आहे. सप्टेंबरमध्ये मी बायकोला म्हणालो, "आपण एक दिवसाआड बोलूया का? कामाचा जरा लोड आहे."

"बरं," ती म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये आमच्यासारख्या इथला परवाना असलेल्यांना परत येणं शक्य झालं होतं. बायकोने विचारलं, "आम्ही यावं असं तुला वाटतं का?"

मी म्हणालो, डेटा बघून ठरवू. आणि बसून एक एक्सेल केलं. दोन्हीकडचे पेशंट, शाळा उघडी की बंद, विमानं रद्द होण्याचं प्रमाण, हाउसआर्ट्सची, म्हणजे आमच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस. सगळे रकाने चार आठवडे सलग हिरवे राहिले की तिकिटं काढायची. एक हिरवा झाला की दुसरा लाल व्हायचा, आणि चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मी ती फाइल तिला पाठवली. तिने काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तिला पटलं.

त्याच आठवड्यात आजोबांनी कुंपणापाशी हाक मारली आणि चेनसॉचा प्रश्न विचारला.

त्यांना खेमेन्तेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, झाड पाडायची परवानगी मिळाली होती. पाडणारी माणसं फेब्रुवारीत येणार होती, पण ती बुंधा आडवा करून जाणार. पुढचे ओंडके आजोबांनाच कापायचे होते, तेही वेळेत, कारण बुटासाठी लाकूड ओलंच लागतं. आजोबांचं वय ऐंशीच्या घरात, करवत पंचवीस-तीस वर्षांची. दोघांचाही दम कमी झालेला. कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला होता, की पाती कमी केली तर जुनी करवतही तरण्यासारखी पळते. "तू हवेचा माणूस आहेस," ते म्हणाले. "तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं, पण प्रश्न आवडला. त्या वर्षात मला आवडलेली ती पहिली गोष्ट.

फ्लायव्हील हे इंजिनासोबत फिरणारं चाक. त्याच्यातल्या चुंबकामुळे ठिणगी पडते, आणि त्याच्यावरच्या पात्यांमुळे वारा तयार होऊन तापलेल्या सिलिंडरवर जातो. हा वारा फुकट मिळत नाही. इंजिनाच्या ताकदीतला थोडा हिस्सा त्यात जातो. पंखा हे इंजिनाच्या गळ्यातलं लोढणं आहे असं मानलं, तर ते हलकं केल्यावर वाचलेली ताकद साखळीला मिळणार. तर्क सरळ आहे. वारा कमी झाल्यावर इंजिन किती तापेल, एवढाच प्रश्न उरतो. आणि तापमान मोजणं हे तर माझं पोटापाण्याचं काम.

आजोबांनी भंगारातून तसंच दुसरं फ्लायव्हील आणलं आणि त्याची एकाआड एक पाती हॅकसॉने कापून कडा कानसीने घासल्या. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, सुईवर फिरवून समतोल पाहिला. स्पार्क प्लगखाली तापमान मोजायची तार बसवली. दर शनिवारी सकाळी आजोबांच्या परसात चाचणी सुरू झाली.

तेव्हा दीड मीटर अंतराचा नियम होता. आजोबांनी मोजून दीड मीटरची काठी कापली होती आणि ती ते आमच्या दोघांमध्ये जमिनीवर ठेवायचे. काठीच्या त्या बाजूला ते करवत धरून, या बाजूला मी स्टॉपवॉच आणि वही घेऊन. पॉप्लरच्या ओल्या फांदीची एक चकती कापायची, वेळ लिहायची, तापमान लिहायचं. मग थांबायचं. इंजिन साठ अंशांवर उतरल्याशिवाय पुढची चकती नाही, हा माझा नियम. प्रत्येक काप एकाच स्थितीतून सुरू झाला पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. आमच्या कामात हे लहान मुलालाही कळतं.

साठ अंशांवर यायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात आजोबा थर्मासमधली कॉफी प्यायचे. माझ्यासाठी काठीच्या टोकाशी कप ठेवून मागे सरकायचे. फारसं बोलणं व्हायचं नाही. माझं डच मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं. ते मुलीबद्दल विचारायचे, कधी येणार. मी सांगायचो, आकडे सुधारले की. ते मान हलवायचे. करवतीच्या बाबतीतही मी हेच सांगत होतो, त्यामुळे त्यांना उत्तर ओळखीचं झालं असावं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. इथे पुन्हा सगळं बंद झालं. पाऊस पडला की शनिवार वाया जायचा. चेन बोथट झाली की ती नव्याने धारेवर आणून आधीच्या नोंदी रद्द करायच्या. आजोबा एकदा म्हणाले, "ब्यूरमन, एवढ्या वेळात मी हातकरवतीने झाड कापलं असतं." मी हसलो नाही. मला वाटलं ते खरंच वेळेची तुलना करतायत, आणि मी डोक्यात हिशेब करायला लागलो.

जानेवारीच्या शेवटी बायकोचा मेसेज आला. 'इथल्या शाळेचा फॉर्म भरलाय. पहिलीसाठी. जूनपासून.' मी तेव्हा वहीतले आकडे लॅपटॉपवर चढवत होतो. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुढचा आकडा लिहिला.

त्या अंगठ्याचा मला आजही राग येतो. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी निकाल तयार झाला. निम्म्या पात्यांचं फ्लायव्हील जिंकलं होतं. फार नाही, पण दर चकतीमागे थोडा वेळ वाचत होता, आणि तो फरक खरा होता, योगायोग नव्हता. तापमान किंचित जास्त, काळजी करण्यासारखं नाही. मी दोन पानांचा अहवाल केला, त्यात आलेख काढले, आणि काठीवरून तो आजोबांना दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. "म्हणजे हो," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आजोबा बुंध्यापाशी उभे राहिले. झाड आदल्याच आठवड्यात पाडलं होतं. आडवं पडलेलं ते माझ्या कमरेएवढं उंच होतं. त्यांनी निम्म्या पात्यांचं फ्लायव्हील बसवलेली करवत चालू केली आणि बुंध्यात घातली. भुसा पांढरा, ओला, ढिगाने पडत होता. करवत खरंच छान पळत होती. अर्ध्या मिनिटाने त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मीही मान हलवली. एक मिनिट झालं, दीड झालं. बुंधा अजून निम्मासुद्धा कापला गेला नव्हता. मग आवाज चढला, बारीक झाला, आणि एकदम थांबला. इतक्या मोठ्या आवाजानंतरची शांतता कानात दुखते.

आजोबांनी दोरी ओढली, ती जागची हलली नाही. इंजिन सीझ झालं होतं. पिस्टन तापून सिलिंडरला धरला होता.

मला तिथेच, काठीच्या या बाजूला उभ्या उभ्या कळलं. चार महिने मी प्रत्येक दहा-बारा सेकंदांच्या कापानंतर त्या इंजिनाला थंड होऊ दिलं होतं. वहीतला प्रत्येक आकडा गार इंजिनाचा होता. झाड मात्र सलग कापावं लागतं. निम्म्या पात्यांवर करवत दहा सेकंद जास्त चांगली चालते, आणि दोन मिनिटांत मरते. गॅरेजमधल्या कुठल्याही पोऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आजोबांनी बुंध्यावर बसून करवत उघडली. पिस्टनवर उभ्या रेघा पडल्या होत्या, मांजराने नख्या मारल्यासारख्या. मी माफी मागितली, दोनदा, इंग्रजीत आणि डचमध्ये. त्यांनी पिस्टन फडक्याने पुसला. "याम्मर," ते म्हणाले. म्हणजे, वाईट झालं. इथे बस चुकली तरी हेच म्हणतात आणि माणूस गेलं तरी हेच. मग म्हणाले, "दर वेळी आपण कॉफी पीत होतो, ब्यूरमन. तेव्हा तीही आराम करत होती." त्यांच्या बोलण्यात दोष देणं अजिबात नव्हतं. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी बूट न काढता खुर्चीवर बसलो आणि बायकोला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. पहिल्याच रिंगला तिने उचलला. तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं? बरा आहेस ना? आज फोनचा दिवस नाही."

मी बरा आहे म्हणालो. मग तिला सगळं सांगितलं. पाती, चकत्या, साठ अंश, अहवाल, बुंधा. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, चार महिन्यांत मी एका शब्दाने बोललो नव्हतो. तिने मध्ये न तोडता ऐकलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काही नाही. माझी चूक झाली. त्यांची करवत गेली."

मागे कुणीतरी पंखा लावला, पडदा हलला. मग ती म्हणाली, "मी तुला ऑक्टोबरमध्ये काहीतरी विचारलं होतं."

"तेव्हा केसेस—"

"केसेस विचारल्या नव्हत्या रे. आम्ही यावं असं तुला वाटतं का, एवढंच विचारलं होतं. तू मला एक्सेल पाठवलंस." तिचा आवाज चढला नव्हता. "आधी रोज पंधरा मिनिटं, मग एक दिवसाआड पंधरा मिनिटं. तेवढ्यात आम्ही छानच दिसतो. ही केस विंचरून बसते तुझ्यासाठी. बाकीच्या वेळात आम्ही कशा असतो, कधी विचारलंस? मे महिन्यात तिने रात्रीचं उठून तुझ्यासाठी रडणं बंद केलं. मी तुला सांगितलं नाही. म्हटलं, सांगून तरी काय, तू म्हणशील सुधारणा आहे."

मी म्हणालो नसतो, असं म्हणणार होतो. मी म्हणालो असतो.

"यायचंय का तुम्हाला?" मी विचारलं. वरातीमागून घोडं.

"शाळेचा फॉर्म भरलाय," ती म्हणाली. "तू अंगठा दाखवलास."

चार दिवसांनी आजोबांनी कुणाची तरी करवत मागून आणली आणि ओंडके कापून घेतले. मी ढकलगाडीने ते त्यांच्या कामाच्या खोलीत नेले. खाकी कागद अजून भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, डाव्या पावलाची हललेली रेघ तशीच. आजोबा त्याकडे बघून म्हणाले, "हे आता उपयोगाचं नाही. पोरांची पावलं थांबत नाहीत."

मी तिथूनच फोन लावला, फोनचा दिवस नसताना. मुलीनेच उचलला. आजोबांनी स्क्रीनमध्ये डोकावून हात हलवला, आणि त्यांच्या त्या गावठी डचमध्ये तिला विचारलं, की कशी आहेस, पाय किती मोठे झाले. वर्षापूर्वीपर्यंत इथल्या शाळेत दिवसभर हीच भाषा बोलणारी, घरी माझ्या मराठीला डचमध्ये उत्तरं देणारी माझी मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून आईला विचारलं, "आई, ते आजोबा काय म्हणतायत?"

आजोबांना मराठी येत नाही, पण तेवढं त्यांना समजलं. त्यांनी हात खाली घेतला.

बायकोने वर्तमानपत्रावर तिची पावलं काढून, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवला. मी तो मापात छापून आणला आणि आजोबांनी खाकी कागदावर ठेवला. नवं पाऊल जुन्याच्या बाहेर सगळीकडून निघत होतं, पुढे तर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. आजोबा पेन्सिल घेऊन उभे राहिले.

"मुलांच्या बुटाला टाचेमागे एक बोट जागा ठेवतात," ते म्हणाले. "पण ती इथे येऊन घालणार, तेव्हाच्या मापाचे हवेत. कधी येणार ते सांग, म्हणजे मी किती वाढवायचं ते बघतो."

हा प्रश्न मी चार महिने टोलवत होतो. या वेळी मला सांगता येण्यासारखा एकही आकडा आठवेना. आठवण येते का, हे या वेळी मला मनात शोधावं लागलं नाही; ती आधीपासून तिथे होती.

"ती येणार नाही," मी म्हणालो. "मी जातो. आत्ताच्याच मापाचे करा."

"तिला ते उन्हाळाभरसुद्धा पुरणार नाहीत."

"चालेल."

"आणि लाकूड ओलं आहे. बूट झाले की सावलीत कित्येक आठवडे ठेवावे लागतात. घाईने सुकले तर तडकतात."

"तसेच द्या," मी म्हणालो.

त्यांनी मला खोलीतही आमच्यामध्ये ठेवलेल्या काठीच्या पलीकडून निरखून बघितलं. मग खाली वाकून काठी उचलली, भिंतीला लावून ठेवली, आणि कामाला बसले.

रजेचा अर्ज मी त्याच दिवशी टाकला. बॉसने कारण विचारलं तेव्हा 'कौटुंबिक' असं लिहिलं, आणि तो शब्द टाइप करताना मला लाज वाटली.

युरोपातून येणाऱ्यांना तेव्हा मुंबईत सात दिवस हॉटेलात कोंडून ठेवत. खिडकी उघडत नव्हती, एसी बंद होत नव्हता. पहिल्या दिवशी मी बूट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे टाचणी पडावी तसा आवाज आला. उजवा बूट अंगठ्यापासून बाजूपर्यंत तडकला होता. मी तो ओल्या टॉवेलात गुंडाळला, तर चीर आणखी उघडली. मग मी ते सगळं सोडलं आणि नुसता बसून राहिलो. त्या सात दिवसांत मी काहीही मोजलं नाही. बायकोला मात्र वेळ न बघता फोन केले. कधी ती भाजी निवडत असायची, कधी चिडलेली असायची, कधी मुलगी अभ्यासावरून रडत असायची आणि कॅमेरा भिंतीकडे वळलेला असायचा. मी भिंत बघत ऐकायचो.

पुण्याला पोचलो तेव्हा दुपार होती. दार बायकोने उघडलं. ती बारीक झाली होती, आणि केस कापले होते, जे स्क्रीनवर मला कधी दिसलं नव्हतं. तिच्यामागे मुलगी उभी होती, आईची ओढणी मुठीत धरून.

"शाळेबद्दल मला बोलायचंय," मी बॅग खाली न ठेवताच म्हणालो.

"नंतर बोलू," बायको म्हणाली. "आधी हात धू."

हात धुऊन मी दारातच जमिनीवर बसलो आणि पिशवीतून बूट काढले. मुलगी सावकाश पुढे आली. तिने आधी उजवा उचलला, चिरेत नख घालून पाहिलं.

"बाबा, हे तडकलंय."

"हो. मी थांबलो नाही म्हणून."

तिने त्यावर विचार केला. मग माझ्या खांद्यावर हात टेकून एक पाय आत घातला, मग दुसरा, आणि फरशीवर दोनदा आपटून पाहिला. आवाज मोठा झाला. तिला तो आवडला, पण माझ्यासमोर हसावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

आजोबांनी सांगितलं होतं तसं मी तिच्या टाचेमागे बोट घालून पाहिलं. एक बोट जायला हवं होतं. गेलं नाही, अर्ध्यावरच अडकलं. आठ-पंधरा दिवसांत हे बूट संपणार होते.

"थोडे दिवस चालतील," ती मला समजावल्यासारखं म्हणाली.

तिची टाच गरम होती. किती, ते मला माहीत नाही. मी बोट काढलं नाही, तसाच फरशीवर बसून राहिलो, आणि तेरा महिन्यांत पहिल्यांदा रडलो.